समोरचे वकील

समोरच्या वकिलांइतका सरळ माणूस मी कोल्हापुरात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका वैताग आणणाराही पाहिला नाही. या दोन गोष्टी त्यांच्यात अशा मुरल्या होत्या की एक काढून दुसरी तेवढी ठेवता आली नसती. कोर्टात विरुद्ध बाजूच्या वकिलाला 'समोरचे वकील' म्हणतात. तो रोज बदलतो. माझ्या बाबतीत मात्र ते पद त्यांच्याकडे कायमचंच होतं. मी ज्या ऑफिसात वकिली शिकले ते कारखानदारांची कामं बघायचं, आणि समोरचे वकील युनियनची आणि एकट्यादुकट्या कामगाराची. नव्वदच्या आगेमागे मी कामगार न्यायालयात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा समोर ते होते, आणि पुढची सोळा-सतरा वर्षं मान वर केली की तेच दिसायचे. माझी आई संध्याकाळी विचारायची, "आज समोरच्यांनी काय केलं?" ऐकणाऱ्याला वाटावं, समोरच्या घरातल्या शेजाऱ्यांचीच चौकशी चालली आहे.

कामगारांचे वकील असून त्यांच्या तोंडी 'कामगार' हा शब्द कधी यायचा नाही. न्यायाधीशांनी "अर्जदार कामगाराचं म्हणणं काय?" असं विचारलं की हे आधी त्याचं नाव सांगणार, मग बापाचं, मग गावाचं, आणि मग तो माणूस हातानं नेमकं काय करतो ते. सूतगिरणीतून काढलेल्या एकेचाळीस बायकांचं एक प्रकरण होतं. ह्यांनी कागद न बघता एकेचाळीस नावं गावांसकट म्हणायला घेतली. कोडोलीच्या बायका संपेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. न्यायाधीश शांत होते बिचारे. म्हणाले, "वकीलसाहेब, ही नावं अर्जात आहेत." त्यावर हे म्हणाले, "अर्जात हायेत की साहेब. पर अर्जाकडं बघून त्या दिसत न्हाईत."

त्यांचा पक्षकार मागे उभा असला की ते बसत नसत. आमच्या कोर्टात त्या काळी वकिलांना खुर्च्या होत्या आणि बाकीच्यांना भिंत होती. त्यामुळे ते दिवसभर उभेच. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पायाच्या शिरा फुगलेल्या, पण "बसा" म्हटलं की एकच उत्तर, "माझा माणूस उभा हाय." समोरचा वकील उभा असताना आपण बसायचं म्हणजे मलाही चोरट्यासारखं व्हायचं, म्हणून मीही उभी. आम्ही दोघं उभे म्हणून कारकून अवघडलेला. शेवटी कुठून तरी दोन जुनी बाकं येऊन भिंतीला लागली, आणि सगळ्या कोर्टाची सुटका झाली. ती बाकं कुणी मागवली हे मला कळलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "न्यायाधीशांचे गुडघे दुखत आसतील आपल्याकडं बघून."

एखाद्या कामाबद्दल उलटतपासणी घ्यायची असली की ते काम स्वतः करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सूतगिरणीच्या प्रकरणात ते तुटलेला धागा जोडायला शिकले. साखर कारखान्याच्या प्रकरणात उसाच्या मोळीच्या ओझ्यानं त्यांची कंबर धरली आणि दोन तारखा गेल्या. ओतकामाच्या फौंड्रीतल्या वाळूनं तर त्यांच्या काळ्या कोटाचा रंग कायमचा गेला. आमच्या बाररूममध्ये त्या कोटावर पुष्कळ विनोद व्हायचे, आणि ते स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. युक्तिवाद करायचे ते अस्सल शिवाजी पेठेच्या मराठीत. इंग्रजी निवाड्याचा लांबलचक उतारा वाचून झाला की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "म्हंजे काय साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी दिऊ नका, येवढंच म्हणतंय ह्ये." पेठेच्या संघाचा फुटबॉलचा सामना असला की त्यांना त्या दिवशी नेमकं 'घरगुती कारण' निघायचं, आणि मी त्याला कधी हरकत घेतली नाही. हरकत घेतली असती तर दुसऱ्या दिवशी ते सगळा सामना मला ऐकवत बसले असते, पंचाच्या चुकांसकट.

पण सगळ्यांत जास्त बोलणी खायचे त्यांचेच पक्षकार. साक्षीच्या आधी माणसाला पढवणं आमच्या धंद्यात काही नवं नाही. हे पढवत नसत, दम भरत. एकदा व्हरांड्यात एका उंचापुऱ्या गड्याला सांगत होते, "शपथ घेतल्यावर खरंच बोलायचं. तू तापट हाईस तर तापट हाय म्हणून सांग. खोटं बोलायचं आसंल तर मालकाचा वकील बघ." मी मागून चालले होते ते त्यांच्या ध्यानात आलं. वळून म्हणाले, "बाई, तुम्हास्नी न्हाई म्हणलं." मी हसले. तो गडीही ओशाळून हसला. त्याचं नाव महादेव. गडमुडशिंगीचा. त्याच्या प्रकरणात मालकाची वकील मीच होते.

महादेव एका फौंड्रीत साचे भरायचा. वाळू दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा, हे काम त्यानं बारा वर्षं केलं होतं. एके दिवशी सकाळी त्यानं सुपरवायझरला दोन्ही हातांनी छातीवर ढकलून खाली पाडलं. कंपनीनं चौकशी नेमली, वरिष्ठावर हात उगारल्याचा ठपका ठेवला आणि त्याला बडतर्फ केलं. महादेवचं म्हणणं असं की रात्रीतून पाण्याचा नळ गळून भिंतीकडचे साचे ओले झाले होते. ओल्या साच्यात रस पडला की तो फुटून अंगावर येतो, हे फौंड्रीतलं शेंबडं पोरही सांगेल. सुपरवायझर नवा होता आणि माल त्याच दिवशी जायचा होता. तो ऐकेना, रस ओतायला लावला आणि स्वतः साच्याजवळच उभा राहिला. म्हणून ढकललं. चौकशीत त्याच्या बाजूनं कुणी बोललं नाही. सगळ्यांना नोकऱ्या होत्या.

मी कंपनीचं लेखी म्हणणं दिलं. साचा ओला असल्याची गोष्ट खोटी आणि मागाहून रचलेली आहे, असं त्यात लिहिलं. मालकांनी मला तसंच सांगितलं होतं आणि तेव्हा माझा त्यावर विश्वासही होता. मग तारखा पडत गेल्या. महादेव प्रत्येक तारखेला यायचा. त्या वर्षांत तो गावातलं दूध सायकलवरून शहरात आणून घालत होता. कॅन कोर्टाच्या आवारात झाडाखाली ठेवून आत यायचा आणि निमूट बाकावर बसायचा. समोरचे वकील त्याला माझ्यादेखत विचारायचे, "दम हाय का अजून?" तो म्हणायचा, "हाय की."

सहा वर्षांनी सुपरवायझरची साक्ष लागली. तोवर तो ती फौंड्री सोडून दुसरीकडे गेला होता, पण मालकांच्या शब्दाखातर आला. आदल्या दिवशी दुपारी माझ्या ऑफिसात बसून मी त्याच्याकडून सगळं नीट वदवून घेतलं. उठता उठता तो थांबला. चहाचा कप हातातच होता. म्हणाला, "मॅडम, साचा ओला होता."

मी पुढ्यातली फाइल मिटली. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी शिकलेल्या धंद्याला धरूनच होतं. मी म्हटलं, "जेवढं विचारतील तेवढंच सांगा. आपण होऊन काही सांगू नका." तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्या वाक्यात खोटं असं काही नव्हतं. कुठल्याही वकिलानं तेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी समोरचे वकील उलटतपासणीला उभे राहिले. मला वाटलं होतं, ते आधी चौकशीचे कागद फाडून काढतील, मग नळावर येतील, मग साच्यावर. त्यांच्या हातात कागदच नव्हता. ते साक्षीदाराजवळ गेले आणि पाहुण्याची विचारपूस करावी तसं विचारू लागले.

"साहेब, तुमच्या अंगावर भाजल्याचा कुठं डाग हाय?"

"नाही."

"त्या दिवशी तुम्ही साच्यापासनं किती लांब हुता?"

"दोन हात असेन."

"रस उडाला?"

साक्षीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीत मान घातली. समोर काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं.

"उडाला," तो म्हणाला.

"दोन हातांवर रस उडाला, आन् डाग न्हाई. त्ये कसं?"

कारकुनाचं बोट टाइपरायटरवर थांबलं होतं. न्यायाधीशांनीही घाई केली नाही.

"मी तिथं नव्हतो," सुपरवायझर म्हणाला. "खाली पडलो होतो."

"कुणी पाडलं?"

"महादेवनं."

"बसा साहेब. पाणी प्या," समोरचे वकील म्हणाले, आणि माघारी आले. एवढीच उलटतपासणी. पाणी द्यायला शिपाई जागेवर नव्हता. महादेवच बाकावरून उठला, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि सुपरवायझरच्या हातात दिला. सुपरवायझर पिईपर्यंत महादेवनं तो पेला तळाशी जरा धरून ठेवला.

निकाल महादेवच्या बाजूनं लागला. कामावर परत घ्या, असा. मालक हायकोर्टात जायला निघाले होते. मी नको म्हणाले. कारण विचारलं तेव्हा केस टिकणार नाही म्हटलं, खरं कारण सांगितलं नाही. त्यांनी ते प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं आणि पुढे त्यांची बाकीची कामंही. हायकोर्टात त्यांची डाळ शिजली नाही, आणि सातव्या वर्षी महादेव पुन्हा वाळूत उभा राहिला. ती फौंड्री बंद पडेपर्यंत तो तिथेच होता. मी मात्र कारखानदारांचीच कामं करत राहिले. मी बदलले वगैरे म्हणणं खोटं होईल. फक्त साक्षीच्या आधी कुणी उठता उठता थांबलं की मी त्याला परत बसवून घेऊ लागले. त्यामुळे काही प्रकरणं आपसात मिटली, काही पक्षकार गेले.

दोन हजारनंतर आमचं कोर्टही पातळ होत गेलं. कायमचे कामगार कमी झाले, ठेकेदाराची माणसं वाढली. ती आज इथे, उद्या तिथे. त्यांना आपला मालक कोण हेच सांगता यायचं नाही. समोरचे वकील त्यांची नावं-गावं विचारून घेईपर्यंत माणूस पुण्याकडे निघून गेलेला असायचा. त्यातच त्यांचे कान गेले. आधी साक्षीदाराचं हळू बोलणं ऐकू येईना, मग न्यायाधीशांचं. एकदा निकाल सांगितला आणि ते तसेच हाताची घडी घालून वाट बघत उभे राहिले. मी एका चिठ्ठीवर 'तुम्ही जिंकलात' असं लिहून ती त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात घातली आणि कोर्टाला नमस्कार केला. त्यानंतर त्यांनी नवीन वकीलपत्र घेतलं नाही.

ते वारले त्याच्या आदल्या वर्षी मी शिवाजी पेठेत एका लग्नाला गेले होते. दुपारचं जेवून निघाले तर तालमीच्या कट्ट्यावर ते दिसले. पेठेतली चार-पाच म्हातारी मंडळी होती, आणि मधे हे. मला पाहून कोण आनंद झाला त्यांना. सगळ्यांना सांगितलं, "ह्या आमच्या बाई. लई भांडलाव." आवाज आता गरजेपेक्षा मोठा झाला होता. इकडचंतिकडचं बोलून झालं. मी निघणार तेवढ्यात ते म्हणाले, "एक विचारू का? लई दिवस मनात हाय. साचा ओला हुता, ह्ये तुम्हास्नी आधी ठावं हुतं न्हवं?"

मी खाली बघून "हो" म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला, बाई. ह्यो कान गेलाय, आन् त्यो जायच्या वाटंवर हाय."

कट्ट्यावरची मंडळी माझ्याकडे बघत होती. रस्त्यावरून माणसं जात होती. मी जवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, "मला माहीत होतं. आदल्या दिवशी सुपरवायझरनी मला सांगितलं होतं. मी त्यांना गप्प राहायला लावलं."

"व्हय," ते म्हणाले. "मला वाटलंतं." त्यांचा चेहरा जसा होता तसाच राहिला. कट्ट्यावर जरा सरकून मला जागा करत म्हणाले, "तुम्हास्नी कुणी गप बसवलं, आसं त्येला विचारणार हुतो. जिभंवर आलंतं."

"मग का नाही विचारलंत?" हेही मला मोठ्यानंच म्हणावं लागलं.

"महादेवाचं काम झालं हुतं की. आन् कशाला?" मग एकदम काही आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "त्यो सुपरवायझर कुठं आसतो आता?"

मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

"चांगला माणूस," ते म्हणाले. "येवढ्या लोकांत खरं बोलला. सोपं नसतंय."

त्यांनी कुणाला तरी हाक मारून चहा सांगितला. आम्ही चहा घेतला. ते मला येत्या रविवारच्या सामन्याबद्दल सांगत राहिले, आणि मी ऐकत राहिले. घरी पोहोचले तेव्हा माझा घसा बसला होता. आईनं विचारलं, एवढं कुणाशी बोललीस? खरं तर मी दोन-तीन वाक्यंच बोलले होते.