तानपुऱ्याचा रकाना

संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. वणीहून पुण्याला आले ती कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी. तेव्हा जिकडे तिकडे नव्या कंपन्या उघडत होत्या आणि आमच्यासारख्यांना वाटत होतं, आता जग आपल्याच मुठीत आलं. अशात ओळखीतून एका संगीत महोत्सवाच्या मंडळाचं काम आलं. कित्येक वर्षांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं त्यांच्याकडे दोन कपाटं भरून होती. कोण गायलं, कधी, कुठला राग, हे सगळं एका ठिकाणी शोधता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी माझे रविवार त्याला देऊन टाकले.

ही सगळी माहिती एका काकांकडे होती. खडकीच्या कारखान्यातून ते स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. महोत्सवाचं ध्वनिमुद्रण पहिल्या वर्षापासून त्यांनीच केलं, आणि कारखान्यात खिळा न् खिळा लिहून घ्यायचे तशी प्रत्येक मैफल वहीत नोंदवली. माइक कुठे ठेवला इथपासून मागे तानपुऱ्यावर कोण बसलं इथपर्यंत. अशा सोळा वह्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "वणीला कोळसा असतो ना? गाणं असतं का हो?" मी हसले, पण ते मला लागलं.

मी रकाने पाडले. गायक, राग, ताल, तबला, पेटी. काका चष्मा सावरून बघत राहिले.

"तानपुरा?"

"काका, तानपुरा कोण शोधणार आहे?"

"तुम्ही नाही शोधणार. बसलेल्यांची माणसं शोधतील."

खरं कारण मी त्यांना सांगितलंच नाही. तानपुऱ्यावर कधी दोन नावं असत, कधी चार. एका रकान्यात ती मावत नव्हती, त्यांच्यासाठी वेगळा तक्ता जोडावा लागला असता. फार तर एका रविवारचं काम. पण पुढच्याच रविवारी विश्वस्तांना सगळं चालवून दाखवायचं होतं, आणि कोळशाच्या गावची मुलगी काय करू शकते तेही दाखवायचं होतं. "नंतर टाकू," मी म्हणाले.

"वहीत आहेच," म्हणत काकांनी वही मिटली.

रागाचं नाव टाकलं की मैफलींची यादी झरझर येई. विश्वस्तांनी कौतुक केलं, मी फुशारले. त्याच सुमारास काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं येणं बंद पडलं. पुढे कॉम्प्युटरच्या टेबलासाठी खोली मोकळी करायला काढली, तेव्हा कुणीतरी विचारलं, या वह्यांचं काय करायचं? "आता सगळं यात आहे," असं म्हणणारी मीच. रद्दीवाल्याला पिशव्या उचलून देणारीही मीच. तानपुऱ्याची तेव्हा मला आठवणसुद्धा झाली नाही.

दोनेक वर्षांनी एक बाई मंडळात आल्या. चाळिशीच्या असतील. त्यांची आई एका बुवांकडे गाणं शिकायची आणि महोत्सवात त्यांच्या मागे तानपुरा घेऊन बसायची. मागे बसलेल्या शिष्यांना बुवा मधूनच खूण करून दोन आवर्तनं गाऊ देतात, तशी एका वर्षी तिलाही दिली होती. आई गेली तेव्हा बाई तीन वर्षांच्या होत्या. आईचा आवाज दुसरा कुठेच नव्हता.

मी नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'नोंद सापडली नाही.' ते शब्दही मीच लिहिलेले. बाईंनी ते दोनदा वाचले.

"म्हणजे ती बसलीच नव्हती का? घरी तर सगळे सांगायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बुवांच्या अकरा मैफली होत्या. तीन रविवार लावून आम्ही सगळ्या ऐकल्या. मागून येणारा स्त्रीचा आवाज पाच ठिकाणी सापडला. दर वेळी त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "ओळखू कसा? मी ऐकलाय कुठे?"

शेवटी मी त्यांना खडकीला काकांच्या घरी घेऊन गेले. वह्यांचं काय झालं ते मी बाईंना सांगितलं नव्हतं आणि काकांनाही. काकांना वर्ष आठवेल, मग सांगायची वेळच येणार नाही, असा माझा भित्रा बेत. त्याची लाज अजून गेलेली नाही.

आईचं नाव ऐकताच काका सावरून बसले. "हो तर. गायल्या होत्या. चांगल्या गायल्या. समासात खूण केलीय मी."

"कुठल्या वर्षी, काका?"

"ते कसं सांगू? अहो, लिहून ठेवलं की मी डोक्यात ठेवत नाही. त्यासाठीच तर लिहायचं. वहीत बघा की."

बाई उठून उभ्याच राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "आत्ता जायचं का?" त्यांनी मला विचारलं.

"जा की," काका म्हणाले. "खोलीची किल्ली यांच्याकडेच असते."

मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत राहिले. तो केव्हाच लागला होता.