पोटाला हात लावायचा नाही

आमच्या लेकीच्या डोक्यात पाणी साचायचं. दोन महिन्यांची असताना नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. कानामागून, कातडीखालून एक बारीक नळी थेट पोटात सोडली. डोक्यातलं जादा पाणी पोटात उतरावं आणि तिथेच जिरावं म्हणून. आर्णीला घरी निघताना डॉक्टरांनी बजावलं, उलट्या, ताप, सुस्ती दिसली की लगेच या. मी मनातल्या मनात आणखी एक सूचना जोडली होती: सासूबाईंपासून लांब ठेवा.

माझा त्यांच्यावर विश्वासच नव्हता, आणि त्याला कारण होतं. माझ्या नवऱ्याच्या बेंबीभोवती बिब्ब्याचे तीन काळे डाग आहेत. तान्हा असताना पोट फुगलं म्हणून सासूबाईंनीच दाभणाला टोचून तापवलेल्या बिब्ब्याचे चटके दिले होते. हे त्या वर कौतुकाने सांगायच्या. आमच्याकडे तान्ह्या बाळाला आजीच लांब केलेल्या पायांवर घेते, तेल चोळते, न्हाऊ घालते. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आंघोळीचं मी पाहीन. पोटाला कोणीच हात लावायचा नाही." आणि मीही लावत नव्हते. नळी सरकेल या धास्तीने ओल्या फडक्याने वरवर पुसायचं, की लगेच झबलं.

सासूबाई मात्र घुटमळायच्या. मी पाणी तापवायला गेले की त्या पाळण्यापाशी. एकदा म्हणाल्या, "पोरीले मांडीवर घेतलं तं पोट गच्च लागलं मले." झालं, पोटाचं निघालं, असं मी मनात म्हटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्याच संध्याकाळी अंथरूण काढताना त्यांच्या उशीखाली फडक्यात गुंडाळलेला बिब्बा आणि दाभण सापडलं. माझं डोकंच फिरलं.

"आई, हे कायले पाह्यजे तुमाले?"

त्यांनी लुगडं जरा वर करून टाच दाखवली. भेगांत काळं भरलं होतं. "भेगाईले लावून राह्यली. तुले काय वाटलं?"

मला काय वाटलं ते त्यांना कळलं होतं. तरी मी तो बिब्बा उचलून बाहेर फेकला. त्यानंतर त्या पोटाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

पाच-सहा दिवसांत लेक दूध ओकायला लागली, मान टाकून पडली. नागपूरला डॉक्टरांनी झबलं वर केलं. पोट एका बाजूने टम्म फुगलं होतं. पाणी जिरतच नव्हतं. नळीच्या टोकाभोवती त्याची पिशवी झाली होती, म्हणून डोक्यातलं खाली उतरत नव्हतं.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

आई असून मला सांगता येईना. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर मी काय तोंड दाखवणार होते? पण त्या लेकीचे पाय चोळत राहिल्या.

शेवटी मीच म्हणाले, "सासूबाईंच्या हाताला आठ दिवसांपूर्वीच पोट गच्च लागलं होतं. मी ऐकलं नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नळीचं पोटातलं टोक काढून काही दिवस बाहेर ठेवलं, मग पुन्हा आत घातलं. लेक वाचली.

आता न्हाऊ सासूबाईच घालतात. तेलाचा हात पोटाजवळ आला की थांबतात आणि विचारतात, "लावू का?" मी हो म्हणते, पण तिथून हलत नाही. त्यांना ते दिसतं. त्या हलकेच पोट चाचपतात आणि माझ्याकडे न पाहता सांगतात, "नरम आहे."