हौसाआत्याचा नवा नंबर
आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं कळणारी मी एकटीच आहे. (हे माझं मत. घराण्याला अजून कोणी विचारलेलं नाही.)

माझी हौसाआत्या कोन गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी मानाची बाई! पण हल्ली हळदीला डीजे लागतो. दोन वर्षांत आत्याला मोजून एक बोलावणं आलं, तेही डीजेवाला आजारी पडला म्हणून. आत्या कोपऱ्यात बसून एकटीच गुणगुणायची, ते मला बघवेना. मग मी पनवेलला बसून तिची वेबसाइट बनवली. तयार टेम्प्लेट घेतलं, वर तिचं नाव, खाली फोन नंबर. झालं!

आणि एका रविवारी उलव्याहून निरोप आला! तिथल्या एका वरमाईला मुलाच्या लग्नात धवलेच हवे होते. ती चार वाजता वेबसाइट बघून फोन करणार होती. मी धावत कोनला गेले. आत्या नवी साडी नेसून बसली होती. (फोनसाठी!) मी साइट उघडली आणि किंचाळलेच. आत्याचा नंबर महिन्यापूर्वी बदलला होता आणि साइटवर जुनाच, बंद पडलेला!

"घाबरू नकोस आत्या, दोन मिनिटांचं काम!" तेव्हा साडेतीन वाजले होते.

सेटिंग्ज उघडल्या, नवा नंबर घातला, सेव्ह दाबलं. लाल पट्टी! 'सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहिता येत नाही.' पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"काय झाला गो बाय?"

"काही नाही, सर्व्हर जरा…"

"नजर लागली!" आत्याने मीठमोहऱ्या आणून लॅपटॉपची दृष्ट काढली. दोन मोहऱ्या एंटरच्या बटणाखाली गेल्या! मग मी हाताला लागेल ते दाबत सुटले. 'जुन्या सेटिंग्ज परत आणा' असं एक बटण होतं, ते तर आठ वेळा दाबलं. काय परत आलं ते बघायला वेळ कोणाला? नवा नंबर पुन्हा घातला, सेव्ह. लाल!

पावणेचारला मी होस्टिंगवाल्याला फोन लावला. "अहो, तुमचा सर्व्हर गंजलाय का?"

"मॅडम, सर्व्हर ठीक आहे. ती फाइल ४४४ वर आहे, म्हणजे फक्त वाचता येते. ६४४ करा, लिहिता येईल."

"हा आगाऊपणा केला कोणी?"

"तुमच्याच लॉगिनवरून झालाय. मार्चमध्ये."

मार्च! अगं बाई! मार्चमध्ये आत्याच्या मुलाचा, पंकजचा वाढदिवस. मी भोळेपणाने त्याला पासवर्ड दिला, तर या पठ्ठ्याने वेबसाइटवर वाढदिवसाचा बॅनर चढवला! मधे गॉगल लावून स्वतः 'भावी सरपंच', खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या चार ओळी. मी तो काढला आणि त्याने पुन्हा असं करू नये म्हणून फाइलच कुलूपबंद केली. आणि साफ विसरले!

६४४ केलं. सेव्ह. हिरवी पट्टी! मी खुर्चीवरून उडी मारली, आत्याने लॅपटॉपच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तेवढ्यात फोन! स्पीकरवर उलव्याची वरमाई.

"अवो, त्यो गॉगलवाला पोरगा कोन हाय?"

साइट बघते तर काय! आठ वेळा दाबलेल्या त्या बटणाने आणलेल्या जुन्या सेटिंग्जही नंबरबरोबर सेव्ह झाल्या होत्या, आणि पंकजचा बॅनर परत आला होता. आत्याचा चेहरा एवढासा झाला.

"त्यो सरपंच ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाली, "पन खाली तिसऱ्या लायनीत नथवाली हाय ना, त्या तुमीच ना? माज्या लग्नात तुमीच धवले गायलात! नावावरून वलखलाच नाय मी. आता माज्या पोराला पन तुमीच पायजे!"

आत्या हसली, रडली आणि फोनवरच गायला लागली. दोन वर्षांचा साठलेला आवाज, शेजारपाजार गोळा झाला! फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बाय, त्यो बॅनर आता काढाचा नाय. कोनी हात पन लावाचा नाय. लाव कुलूप!"

लावलं. ४४४.

आता खरं सांगते. मार्चमध्ये मी बॅनर काढला तो पंकजच्या गॉगलमुळे नव्हे. शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीत माझाही फोटो आहे. डोळे मिटलेले, तोंडात अख्खा वडा, आणि खाली लिहिलंय, 'कॉम्प्युटर एक्सपर्ट'!