ढेकरावरचा कर

"माझ्या गायच्या ढेकरार कर? कोण बसयता तो, माका दाखय!"

काका अंगणात उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज असा, की धारगळच्या हमरस्त्यावर ट्रकवाले आपल्यालाच हाक आली समजून ब्रेक दाबायचे. गोरवांच्या, म्हणजे गुरांच्या, पाडव्याची सकाळ. गावातली गुरं तांदळाचे पोळे खाऊन, माळा मिरवत रानाकडे गेली होती आणि चार घरची माणसं आमच्याकडे चहाला जमली होती. शेजारच्या मास्तरांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली, तिथं हे पेटलं. परदेशात कुठेतरी गुरांच्या ढेकरांनी पृथ्वी तापते म्हणून गुरांवर कर लावायचा वाद चालला होता.

"तापता ती खरीच," मास्तर म्हणाले. "केरीचो किनारो दर्यान खाल्ल्यान, तो काय उगाच?"

"आणि डिचोलीचे खाणीचे ट्रक काय सोडतत? अत्तर?" काका गरजला.

"त्यांकाय लावया. पण गोरवांचो वाटो आसा तो आसा, रे बाबा."

आमच्या तांबड्या गायीचा ढेकर मी ऐकलेला आहे. कंदील विझायचा, माडाचे नारळ गळायचे. त्या एका ढेकराच्या करावर पंचायत वर्षभर चालली असती. पण ती गाय पावसाआधीच मेली होती. काजूखाली खड्डा खणायला काकाच पुढे होता. तरी त्या दिवसापासून 'गाय गेली' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते, आणि आम्हीही त्याच्यासमोर ते काढत नव्हतो.

आमच्याकडे ज्या घरात गुरं नाहीत, ते पाडव्याला कारिटाची फळं मांडून त्यांचीच गुरं म्हणून पूजा करतात. काकीने सकाळी कारिटं आणली. काकाने ती अंगणात भिरकावली आणि झेंडूची माळ रिकाम्या खुंट्याला घातली.

"बरा, मोजया तर," कुणीतरी थट्टेने म्हणालं. "कोणाक किती कर पडतलो?"

घरोघरची गुरं सांगून झाली. "आमची दोन." "माझी तीन, त्यातली एक भाकड, तिका अर्धो!" हसणं उसळलं. पाळी काकावर आली तसं ते विरलं. मास्तर चष्मा पुसत बसले.

"एक," काका म्हणाला. आवाज एवढा बारीक, की तो त्याचा वाटेना. "आणि लागलो तर कर भरतलंय मी. सगळ्यांच्या आधी भरतलंय."

तेवढ्यात गोठ्याकडून ओल्या गवताचा ऊबदार वास आला, आणि त्यामागून एक लांब, सावकाश ढेकर. माझ्या बाकीच्या शंभर गोष्टी खोट्या धरा, हरकत नाही; ही तेवढी खरी. मास्तरांचाही हात चष्म्यावर थांबलेला मी पाहिला.

माणसं गेल्यावर काकी अंगणातली कारिटं गोळा करत होती. मी जवळ जाऊन विचारलं, "काकी, गोठ्यात कोण आसा गे?"

"कोण नाय," ती म्हणाली. "तुझो काका घालता ता गवत तेवढा रोज संपता."