हळदीच्या पाण्याला डिझेलचा वास

ती घटना आठवली की आजही आधी नाकाला वास येतो आणि मग हसू येतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट, माझी ड्युटी भिवंडी तालुक्यात होती. एका सकाळी कोन गावचे एक गृहस्थ तणतणत पोलीस ठाण्यात आले.

"सायेब, परवा माझ्या पोरीची हलद हाय, आन माझ्या सख्ख्या भावानं विहिरीन डिझेल वतला!"

लग्नाआधी घरची विहीर उपसून साफ करायची आणि नव्या पाण्याने नवरीला हळदीची आंघोळ घालायची, ही त्यांच्या घरची रीत. पंपाचं डिझेल इंजिन लावून उपसा झाला, पण नवं पाणी आलं ते डिझेलच्या वासाचं. धाकट्या भावाला विहिरीजवळ कॅन घेऊन जाताना लोकांनी पाहिलं होतं. कुंपणाच्या भांडणावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. वर धाकट्याची स्वतःची विहीर मात्र नितळ! सगळं कसं आयतं जुळत होतं. गुन्हा नोंदवला असता तर गडी पुतणीच्या हळदीला कोठडीत बसला असता.

धाकट्याला समोर बसवून मी आवाज चढवला. तो मान खाली घालून बोलला.

"इंजिनाचा डिझेल संपलेला, मानसा जेवाला गेलती. मी गुपचूप टाकी भरली. दादा बोलत न्हाय माझ्याशी, पन पोरगी माझी पन हाय ना!"

खोटं बोलणारा इतका लाजत नाही, हा माझा अनुभव. पण अनुभवावर पंचनामा होत नाही. मी पंचांसमोर विहीर पुन्हा उपसायला लावली. वरून ओतलेलं डिझेल उपशाबरोबर निघून जायला हवं. झालं उलटंच! वास वाढला आणि रस्त्याच्या बाजूच्या झऱ्यातून तेलकट पाणी पाझरू लागलं.

मग प्रदूषण खात्याच्या बाईंना बोलावलं. त्या विहिरीपासून रस्त्याकडे ठिकठिकाणी भोकं पाडून माती बाटल्यांत भरू लागल्या.

"बाई, किती डिझेल मुरलंय ते सांगा की पटकन," मी वैतागून म्हणालो.

"साहेब, तुम्ही एका साक्षीदारावर केस उभी करता का? मलाही सगळीकडची माती आणि पाणी बघू द्या."

मी बाटल्या धरू लागलो. रस्त्याकडे जाईल तसा मातीचा वास वाढत गेला आणि शेवटी रस्त्यालगतच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामापाशी आम्ही थांबलो. तिथे जमिनीखाली डिझेलची टाकी होती.

"टंकी एकदम फिट है, साब," मॅनेजर छातीठोकपणे म्हणाला.

मी पट्टी बुडवून पातळी पाहिली आणि टाकीला सील ठोकलं. दुसऱ्या दिवशी सील शाबूत, पातळी खाली. मॅनेजरला घाम फुटला. गळलेलं डिझेल जमिनीत मुरून बसलं होतं. विहीर जितकी उपसली, तितकं ते विहिरीकडे ओढलं गेलं, असं बाईंनी समजावलं. म्हणजे लग्नाची सफाईच नडली होती; धाकट्याची विहीर उपसलीच नव्हती, म्हणून ती नितळ राहिली.

गुन्हा गोदामवाल्यावर नोंदवला आणि थोरल्याला बोलावून धाकट्यासमोरच सगळं सांगितलं. तो भावाकडे बघेचना. पण हळद संध्याकाळवर आलेली आणि शेजारी चांगलं पाणी एकाच विहिरीला.

"चल घरा," तो कसाबसा म्हणाला. "तुज्या विहिरीचा पानी लागंल."

"इतक्या वर्सांनी बोललास, तो पन पान्यासाठी!" धाकटा म्हणाला.

त्या केसपासून एक सवय लागली. सगळी बोटं एकाच माणसाकडे वळली की मी आधी आजूबाजूची जमीन बघायचो.

हळदीला मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. थोरल्याने स्वतः भावाच्या विहिरीतून कळशी ओढली आणि नवरीच्या आधी पहिला तांब्या धाकट्याच्या डोक्यावर उपडा केला.