बाहेरचं चालत नाही

खत-औषधांच्या दुकानदारांकडं किस्से फार साठतात. दुपारी गिऱ्हाईक नसतं, पंखा गरगरत असतो, चहूबाजूंनी औषधांचा उग्र वास. माणूस दुसरं करणार तरी काय! शिरूर आणि दौंड तालुक्यातले आम्ही डीलर लग्नात, मयतीत, कंपनीच्या मीटिंगला भेटलो की एकातून एक निघत जातं. त्यातही बोटीचे किस्से सगळ्यात जास्त चालतात आणि ते सांगायचं काम माझ्याकडं असतं. अलीकडं ते सांगताना मला स्वतःचाच राग येतो. तरी सांगतो.

*

एका औषध कंपनीनं टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरांना मुंबईहून क्रूझची सहल लावली. आम्ही सतरा जण पात्र ठरलो. पाटसला हायवेवरच्या हॉटेलात मीटिंग झाली आणि कंपनीच्या ऑफिसरनं नियम वाचून दाखवले. बाहेरून दारू आणायची नाही. बॅगा स्कॅन होणार, सापडली तर जप्त. प्यायची तर बोटीवरच्या बारमध्ये, आपापल्या गळ्यातल्या कार्डावर आणि एका वेळी एकच पेग.

मागून पाटसचे आबा उठले. सत्तरीचे, आमच्यात वयानं सगळ्यात मोठे.

"साहेब, ही सहल हाय का शिक्षा?"

*

मला मात्र ते नियम ऐकून बरं वाटलं होतं. त्याचं कारण सुदाम.

माझं दुकान मांडवगण फराट्यात, सुदामचं भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात. वीस वर्षांची दोस्ती. सहलीच्या पाच महिने आधी त्याचं लिव्हर सुजलं होतं, दवाखान्यातून कसाबसा घरी आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा थेंब जरी घेतला तर माझ्याकडं आणू नका.

सहलीचं ठरल्यावर त्याची बायको मंदावहिनी नदी ओलांडून माझ्या दुकानात आली. बाई हुशार, त्यांच्या दुकानाचं काउंटर तीच सांभाळते.

"भाऊजी, नको म्हणलं तर चिडत्यात. धाडते मी. पर तुमच्या भरवशावर."

मी म्हणालो, "वहिनी, मी हाय ना बरोबर! एक थेंब पिऊ देणार न्हाई."

आणि मी लगेच ऑफिसरला फोन लावून सुदामच्या कार्डावरची दारू बंद करायला सांगितली. नुसतं ज्यूसचं कार्ड! वहिनी समाधानानं परत गेली.

*

माझ्याकडं बाटलीला सील मारायचं मशीन आहे. टोपणाखाली चांदीसारखा कागद चिकटलेला असतो ना, ते सील. आमच्या भागात असं मशीन दुसऱ्या कुणाकडं नाही, त्यामुळं लोकांचा मध, तूप, लोणचं, सगळं माझ्याकडं येतं. एकानं तर गोमूत्र आणलं होतं आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्यानं सासूबाईंची काकवी! कुणाची बाटली कुणाकडं गेली असती तर गावात भाऊबंदकी पेटली असती.

निघायच्या आदल्या दिवशी सुदाम एक बाटली घेऊन आला. समुद्री शेवाळाचं टॉनिक, पिकावर फवारतात ते, काळपट तपकिरी.

"सॅम्पल हाय. बोटीवर दुसऱ्या जिल्ह्यातले डीलर भेटतील, दाखवतो त्यास्नी. सील मार की."

दुकानात गर्दी होती. मी टोपण काढून सील मारलं.

*

आता तो गाजलेला किस्सा. मुंबईला बोटीच्या गेटवर स्कॅनिंग चाललेलं. सुदामची बॅग अडली. गार्डनं ती बाटली वर काढली.

"ये क्या है?"

"खेत का टॉनिक है."

"केमिकल अलाउड नहीं है."

सुदाम पक्का डीलर. छाती पुढं काढून म्हणाला, "केमिकल कायका साहब! ऑरगॅनिक है. आदमी पिया तो भी कुछ नहीं होता."

"अच्छा? तो पी के दिखाओ."

रांग थांबली. सुदामनं टोपण काढलं, सील फोडलं, बाटली तोंडाला लावली आणि चार मोठे घोट घेतले. तोंड असं वाकडं केलं की बघणाऱ्याला वाटावं, एरंडेल पितोय. गार्डनं शांतपणे बाटली त्याच्या हातातून घेतली आणि नाकाशी नेली.

"शेठ, ये मारने के बाद फसल सीधी खड़ी रहती है या झूमती है?"

सगळी रांग हसली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गर्दीतून सुदामनं माझ्याकडं बघून डोळा मारला. पाच महिन्यांनी त्याच्या पोटात दारू गेली होती आणि मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतो.

*

आबांची तऱ्हा वेगळी. त्यांनी नारळ आणला होता. शेंडीखालच्या डोळ्यातून जनावरांच्या डॉक्टरच्या सुईनं पाणी काढलेलं आणि आत दुसरंच भरलेलं. गार्डला म्हणाले, "दर्या की पूजा है." गार्डनं नारळाला नमस्कार करून सोडला!

दुसऱ्या दिवशी बोटीच्या हॉलमध्ये कंपनीच्या नव्या औषधाचं उद्घाटन होतं. ऑफिसरला आठवलं, आबांकडं नारळ आहे. आबा नको नको म्हणत असताना माईकवर नाव पुकारलं गेलं. आबांनी नाइलाजानं नारळ फोडला. सगळ्या हॉलमध्ये रमचा वास!

मग कंपनीचे मोठे साहेबच पुढं आले, ओंजळ केली आणि म्हणाले, "आबा, तीर्थ द्या."

तीर्थाला रांग लागली. सुदाम त्या रांगेत दोनदा उभा राहिला. दुसऱ्यांदा मी त्याचा दंड धरला तर म्हणाला, "आरं, देवाचं हाय."

*

विठ्ठलभाऊ आमच्यातले एकटे माळकरी. त्यांच्या कार्डावरची दारू तशीच पडून होती. सकाळी नाश्त्याला त्यांनी संत्र्याचा ज्यूस मागितला आणि कार्ड पुढं केलं. वेटरनं मशीनमध्ये बघितलं आणि आदरानं म्हणाला, "सर, कल सात रम और आज सिर्फ ज्यूस?"

विठ्ठलभाऊंनी गळ्यातली माळ हातात घेतली. "ह्या माळेची शप्पत!"

आबा पोहे खाता खाता म्हणाले, "माळेचं ऱ्हाऊ द्या. कार्ड काल कुणाच्या गळ्यात व्हतं ते बघा."

शेजारच्या टेबलावर सुदाम खाली मान घालून पपई खात होता.

त्या दुपारी मी त्याला डेकवर गाठलं. खूप बोललो, शिव्या दिल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. डोळे पिवळे दिसत होते. मी विचारलं, "वहिनीला काय सांगू मी?"

"सांग, समुद्र बघत बसलावता."

*

परतताना पाटसला बस थांबली तर मंदावहिनी स्टँडवर उभी. सतरा जणांनी असे चेहरे केले जणू तीर्थयात्रा करून आलोय. सुदामच्या तोंडात मूठभर वेलदोडे. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ मला विचारलं.

"पथ्य पाळलं ना भाऊजी?"

मी म्हणालो, "व्हय वहिनी."

एवढं सरळ खोटं मी गिऱ्हाइकाशीही कधी बोललो नाही.

*

त्यानंतर सुदाम थांबला नाही. एकदा सुटलेला तो सुटलाच. दोन महिन्यांत दौंडच्या दवाखान्यात भरती झाला, पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आबांनी पिशवीतून नारळ आणला होता. दारातच नर्सनं अडवलं.

"बाहेरचं काही चालत नाही."

आम्हाला हसू फुटलं. असल्या जागी फुटतं ना, तसं. पण आबा हसले नाहीत. नारळ दोन्ही हातांत धरून ते तिच्यापुढं उभे राहिले आणि रडायला लागले.

"बाई, ह्यात खरंच पानी हाय हो!"

*

दशक्रिया भीमेच्या घाटावर झाली. नंतर सुदामच्या अंगणात मांडवाखाली आम्ही सगळे डीलर बसलो होतो. तेव्हा दौंडचा एकजण म्हणाला, "ते बोटीवरचं टॉनिक सांग की. सुदामला लई आवडायचं."

गेलेल्या माणसाचं काहीतरी हसरं आठवावं म्हणून मी सांगितलं. नेहमीसारखंच, गार्डच्या आवाजासकट. "फसल सीधी खड़ी रहती है या झूमती है" म्हटलं आणि अख्खा मांडव हसला. आबा डोळे पुसत हसले. दारात बायकांमध्ये मंदावहिनी बसली होती. तिलाही हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. मला फार हलकं वाटलं.

निघताना मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"चांगलं सांगता भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांनीबी सांगितलं व्हतं मला, दवाखान्यात. हसत हसत सांगितलं."

मी मान डोलावली.

"येकच इचारायचं व्हतं. सील मारताना वास आला आसंल ना?"