ओली हवा मागणारा पाइप

पलटणीच्या बँडात मी बॅगपाइप फुंकायचो. सुट्टीवर येऊन उंब्रजच्या वेशीत सूर लावला की कऱ्हाडातली कुत्री भुंकायची. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्यांना विचारा. विट्याच्या मावसभावालाही मीच शिकवलं. गड्याची छाती अशी, की त्यानं एकदा पिशवी भरली की मी चहा पिऊन, पान खाऊन यायचो, तरी सूर चालूच. बेंदराच्या मिरवणुकीत तो पुढं वाजवायचा आणि मागून बैल, देवाशपथ, पाय मिळवून चालायचे.

मग गावातल्या निम्म्या पोरांसारखा तोही सोनं गाळायला परमुलखात गेला. बंद खोली, भट्टी, तेजाबाचा पिवळा धूर. परत आला तो छातीचं खोकं घेऊन. नाकाला ऑक्सिजनची नळी. मेणबत्ती विझवायला सांगितली असती, तर मेणबत्तीनंच त्याला विझवलं असतं.

"एकदा बेंदराची चाल वाजवायची हाय रं," म्हणाला. दुसरं काही मागितलं नाही.

फुंकणार कशानं? तेव्हा मला मेरठचा कारागीर आठवला. आयर्लंडातले जुन्या काळचे पाइप बघून तो तसेच नवे घडवतो आणि परदेशी धाडतो. त्यातला एक प्रकार तोंडानं फुंकायचाच नाही. उजव्या काखेत भाता, डाव्या काखेत पिशवी; कोपर हलवलं की वारा तयार. मी तो घेऊन आलो.

भावानं भात्यावरून हात फिरवला. "आयला, जल्मभर भाताच मारला की. ह्यो तर घरचाच निघाला."

कोपर हललं, भाता फुसफुसला, पिशवी फुगली. शेळीचा गळा दाबावा तसा एक चिरका आवाज आला आणि गप्प. मेरठला फोन लावला. सूर काढणारी आतली पत्ती बोरूची, पावसाळी मुलखातल्या हवेसाठी तासलेली. तोंडाची वाफ तिला मिळत नाही, म्हणून कोरड्यात ती मिटते. हवा ओली करा, म्हणाला.

विट्याचा उन्हाळा! तिथं थुंकलेलं जमिनीला पोचत नाही, वाटेतच वाळतं. घरात कूलर होता, पण डॉक्टरांनी तो बंद करायला लावला होता. ओल्या हवेनं भावाचा खोकला उसळायचा, ओठ जांभळे पडायचे.

"कूलर लाव," तो मला म्हणाला.

वहिनी मधे आल्या. "भावजी, त्ये लाकूड न्या माघारी. आन् तुमी वो, कायतरी झालं म्हंजी?"

"झालं तर वाजवत गेला म्हणतील. खोकत गेला म्हणण्यापरीस बरं न्हवं?"

पलटणीत असताना नुसत्या सुरानं हिमकडा पाडला, असं गावभर सांगणारा मी. माझा हात बटणाला गेला नाही. वहिनी कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून राहिल्या. मग उठल्या, दोन कळश्या कूलरमध्ये ओतल्या आणि बटण दाबलं.

वाळ्याचा वास सुटला. थोड्या वेळानं पत्ती बोलली. त्यानं चाल धरली. बाहेर बैल नव्हते, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर होता. तो काही हलला नाही. हे मी वाढवून सांगत नाही.

खोकला आला तरी कोपर थांबेना. चाल आणि खोकला, दोन्ही एकदम ऐकू येत होतं. वहिनी पाठ चोळत होत्या. मग कोपर खाली आलं. पिशवीतला उरलेला वारा सूर काढत राहिला, आणि संपला.

दवाखान्यातून तो परत आला, तेव्हा नाकाला नळी नव्हती.

दहावं झाल्यावर वहिनींनी विचारलं, "भावजी, चाल पुरी झाली न्हवं त्येंची?"

"पुरी झाली," मी म्हणालो. शेवटचा फेर राहिला होता.

वहिनींना ती चाल माझ्याइतकीच पाठ आहे. त्यांनी मान हलवली, कूलरमधलं शिळं पाणी बादलीत काढलं आणि म्हशीपुढं नेऊन ठेवलं.